शून्य किलोचा खांब

दीपिकाला छताकडे बघायची सवय लागली ती ईश्वरी झाल्यापासून. मुलीला पाजताना माणसाला दुसरं बघायला असतं तरी काय? मान हलवली की मूल जागं होतं, हात हलवला की रडतं, आणि मोबाइल उचलला की सासरच्या नाही तर माहेरच्या कुणाला तरी नेमकी तेव्हाच आठवण येते. तेव्हा छत. आठ महिन्यांत तिचा हॉलच्या स्लॅबचा इतका अभ्यास झाला होता, की तेवढा बीएस्सीला केला असता तर आज ती परभणीच्या कृषी विद्यापीठात कुठं तरी चिकटलेली असती. इथं सेलूच्या नव्या कॉलनीत पंख्याची पाती मोजत पडली नसती.

अशाच एका दुपारी, भाद्रपदात, तिला ती रेघ दिसली. पंख्याच्या कडीपासून निघालेली, केसाएवढी, जरा वाकडी, आणि हॉलच्या मधोमध आडव्या गेलेल्या बीमकडे निघालेली. काल ती तिथं नव्हती. निदान दीपिकाच्या अभ्यासात नव्हती.

तिनं ईश्वरीला हळूच खाली ठेवलं, स्टूल घेतलं, रेघ जिथं संपत होती तिथं पेन्सिलीनं खूण केली आणि शेजारी तारीख टाकली. लसीकरणाच्या कार्डावर टाकतात तशी. मग खाली उतरून मुलीचं अंथरूण रेघेखालून ओढून खिडकीकडे नेलं.

आदिनाथ संध्याकाळी कापसाच्या जिनिंगवरून आला तेव्हा अंथरूण खिडकीकडून देवघराजवळ आणि तिथून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलं होतं. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, रंगाची असेल. आदिनाथ हा असेल-माणूस. गॅस संपला असेल, पाहुणे उद्या येणार असतील, ईश्वरीचं वजन या महिन्यात कमी भरलं तर काटाच चुकीचा असेल. अंगणवाडीच्या सुमनबाई दर महिन्याला ईश्वरीला झोळीत घालून काट्याला लटकवायच्या. तो आकडा दीपिका तीन ठिकाणी लिहून ठेवायची. काटा चुकीचा असेल असं म्हणणाऱ्या माणसाच्या हाती स्लॅबचा प्रश्न सोपवणं तिला शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ पेन्सिलीच्या खुणेपुढे अर्धा इंच गेली होती. किंवा खूणच आधी जाड पडली होती. पण अशा वेळी माणूस दुसऱ्या शक्यतेचा विचार करत नाही.

शेजारी रामप्रसादभाऊ राहायचे. सरकी-ढेपेचा व्यापार, आणि स्वतःची तीन घरं बांधलेली. त्यामुळे बांधकाम या विषयावर कॉलनीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी हॉलमध्ये येऊन मान वर केली, डोळे बारीक केले, आणि घर बांधताना पाणी किती दिवस मारलं ते विचारलं. चौदा दिवस, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की जणू चौदा दिवस हे मुलीचं वय आहे आणि तिला अजून कुणी आंघोळ घातलेली नाही. त्यांनी एकवीस दिवस मारलं होतं. त्यांच्या तिन्ही स्लॅबना एक रेघ नव्हती. समोरच्या नर्मदाकाकूंचं मत पाण्याबद्दल नव्हतं, वजनाबद्दल होतं. गच्चीवर टाकी आहे, टाकीत पाणी आहे, पाण्यालाही वजन असतं की, तर टाकी निम्मीच भरत जा, असं त्या म्हणाल्या. दीपिकाला हे इतकं पटलं, की पुढचे आठ दिवस आदिनाथ डोक्याला साबण लावून मोरीत उभा असताना नळ बंद पडायचा. पाणी संपलं असेल, असं तो आतून म्हणायचा. तेवढ्यापुरता तो बरोबर असायचा.

बसायची जागाही बदलली. हॉलच्या मध्ये कुणी बसेना. आलेलं माणूस भिंतीला धरून चालायचं आणि भिंतीला धरूनच चहा प्यायचं. चार माणसं आली की हॉल एसटीच्या थांब्यासारखा दिसायचा.

मग कुणी तरी सांगितलं, की घर सरकारी माणसाकडून तपासून घ्या. दीपिका कार्यालयात गेली. कुठल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. टेबलावरची काच आणि काचेखालचे देव सगळीकडे सारखेच असतात. काचेपलीकडच्या गृहस्थांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की घर तपासून द्या असा अर्ज आमच्याकडे नसतो. धोकादायक इमारतीच्या तक्रारीचा असतो. तो भरा, म्हणजे माणूस येईल.

शिकलेल्या माणसाला कोरा अर्ज दिसला की हात शिवशिवतात. दीपिकानं तो सुवाच्य अक्षरात भरला. मागच्या कोऱ्या बाजूला रेघेची आकृती काढली, कडी, बीम आणि रेघ यांना बाण दाखवून नावं दिली. प्रयोगवहीत काढायची तशीच. मालकाचं नाव: आदिनाथ. तक्रारदाराचं नाव: दीपिका. तक्रारदाराचं मालकाशी नातं: पत्नी. गृहस्थांनी ते वाचलं, तिच्याकडे एकदा सहानुभूतीनं पाहिलं, आणि शिक्का मारला.

आठवडा गेला, कुणी आलं नाही. शेवटी तिनं माहेरी फोन लावला.

तिच्या वडिलांची, दत्तरावांची, शेती आणि मेंढरं देवगाव फाट्याच्या जवळ. त्यांनी रेघेबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं,

"मधी काय हाय त्याला?"

"काही नाही, दादा. स्लॅबला मधे काही नसतं."

पलीकडे त्यांनी मेंढरांना एक हाक घातली.

"येतो," दत्तराव म्हणाले.

तिला वास्तुशांतीचा दिवस आठवला. सगळे पाहुणे फरशी बघत होते, नळ सोडून बघत होते, आणि दादा हॉलच्या मधोमध उभे राहून नुसते वर बघत होते. कुणाला काही बोलले नाहीत. जेवायला मात्र भिंतीकडेला बसले.

त्याला कारण होतं. दीपिका ज्या घरात वाढली ते माळवदाचं होतं. लाकडी तुळई, तिच्यावर फळ्या, फळ्यांवर हातभर माती. सगळा बोजा घराच्या मधल्या एका सागवानी खांबावर. घर लहान, छत इतकं खाली, की उंच पाहुणा आला की आधी कपाळावर हात ठेवायचा आणि मग रामराम घालायचा. पण खांब असा, की घरातलं जे काही होतं ते त्याच्याभोवती व्हायचं. माय ताक घुसळायची तेव्हा रवीची दोरी त्याला. आईविना राहिलेलं कोकरू बांधायचं ते त्याला. दहावीचा अभ्यास केला तो त्याला पाठ लावून. बसल्यावर पाठ टेकते तिथं खांब तेलकट, काळा आणि आरशासारखा गुळगुळीत झालेला होता. किती माणसांच्या पाठींनी तो घासला होता ते कुणाला सांगता आलं नसतं. दर दिवाळीला दादा तिला खांबाशी उभं करून डोक्यावर हात आडवा धरायचे आणि विळ्याच्या टोकानं खाच पाडायचे. पावसाची झड लागली की वरची माती भिजून जड व्हायची. मग दादा उठून खांबावर तळहाताची एक थाप मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. कोरड्या दिवसात खांब ठणठण बोलायचा, भिजल्या दिवसात दबक्या आवाजात. वजन दिसत नाही पण ऐकू येतं, हे दीपिकाला बीएस्सीच्या बरंच आधी कळलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ते घर रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं. दत्तरावांनी खांब आणि त्याच्या खालचा, जमिनीत गाडलेला घडीव दगड तेवढा काढून शेतातल्या आखाड्यावर, खोपटापाशी, मेंढरांच्या कुंपणाशेजारी, पत्र्याखाली ठेवला. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, असू द्या, खायला मागत न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो दारात थांबला. मागं खांब आडवा, खांबावर दत्तराव बसलेले, मांडीवर दगड. कॉलनीतले लोक गेटवर आले. एवढा मोठा आहेर आजवर कुणाच्या माहेराहून आला नव्हता.

उभा करायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की खांब बुटका आहे. बरोबर होतं, तो बुटक्या घरातला होता. खाली फूटभर दगड घेतला, दगडातल्या खाचेत खांबाचं बूड बसवलं, तरी वर वीतभर राहिलं. मग खांबाच्या डोक्यावर कडुलिंबाचा एक जाड ठोकळा खिळ्यांनी जखडला. आता बोटभर. तिथं दत्तरावांनी बाभळीच्या दोन पाचरी समोरासमोरून घातल्या आणि ठोकायला लागले. आदिनाथ स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशांच्या बीमखाली, सासऱ्यांचं स्टूल धरून उभा होता. बसला असेल आता, असं तो मधून मधून म्हणत होता. दत्तराव थांबले नाहीत. माळवदाला जी रीत तीच त्यांना ठाऊक: वरचं लाकूड कण्हेपर्यंत पाचर ठोकायची. सिमेंट काही लवकर कण्हत नाही. पण शेवटी वरून 'कर्र' असा बारीक आवाज आला, तेव्हा ते खाली उतरले, घाम पुसला आणि खांबावर थाप मारली. दबका आवाज.

"घेतलं," ते म्हणाले.

"काय घेतलं, मामा?" आदिनाथनं विचारलं.

"वजन, जावईबापू. ऐका की."

आदिनाथनं कान लावला. घेतलं असेल, म्हणाला.

दीपिकानं खांबाला हळदकुंकू लावलं आणि त्या रात्री ईश्वरीचं अंथरूण पंधरा दिवसांच्या वनवासानंतर परत हॉलच्या मध्ये आलं.

पुढचे दहा-बारा दिवस, खरं सांगायचं तर, त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. टीव्ही आणि सोफ्याच्या बरोबर मध्ये खांब आल्यामुळे सोफ्यावर बसणाऱ्याला बातम्या सांगणारी बाई अर्धीच दिसायची, पण सोफ्यावर बसत होतं कोण? रामप्रसादभाऊ आले की खाली सतरंजीवर खांबाला टेकून बसायचे आणि आपल्या तिन्ही घरांत अशी सोय नाही याची हळहळ करायचे. नर्मदाकाकू भाजी निवडायला इकडेच यायच्या. माय, म्हणजे कासाबाई, दोन दिवस राहून गेली. ती आल्या आल्या लुगडं सावरून खांबाशी बसली, पाठ बरोबर त्या काळ्या गुळगुळीत जागेच्या जरा खाली लागली, कारण दगडामुळे सगळं फूटभर वर गेलं होतं. तेवढ्यानं दीपिकाच्या उंचीच्या खाचाही वर सरकल्या होत्या. त्या हिशोबानं ती सहाव्या वर्षीच सातवीतल्या पोरीएवढी होती. माय हसली आणि म्हणाली, "आता घर वाटायलंय बघ." रेघेकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

आणि मग तो तपासणीचा माणूस आला.

दीपिका अर्ज विसरून गेली होती. अर्ज तिला विसरला नव्हता. साहेब आत आले, त्यांच्याबरोबर टेप धरणारे एक गृहस्थ. साहेबांची नजर रेघेकडे गेलीच नाही. ते खांबापुढे उभे राहिले.

"हा टेकू कधी दिला?"

"टेकू नाही, साहेब, माहेरचा खांब आहे," दीपिका अभिमानानं म्हणाली.

साहेबांनी लिहिलं: 'इमारतीस आतून लाकडी आधार दिलेला आढळून आला.' मग चहा घेतला. खांबाला टेकूनच घेतला.

चार दिवसांनी गेटवर नोटीस चिकटली. आपली इमारत धोकादायक स्थितीत असल्याचे निदर्शनास आले आहे, सबब पंधरा दिवसांत ती रिकामी करावी अथवा इंजिनिअरचा दाखला सादर करून आधार काढून घ्यावा. प्रत माहितीसाठी: तक्रारदार. तक्रारदाराची प्रत तक्रारदाराच्या गेटवर, म्हणजे त्याच गेटवर, जरा खाली चिकटवली होती.

ती सगळ्यांत आधी दूधवाल्यानं वाचली. दुपारपर्यंत कॉलनीनं वाचली. रामप्रसादभाऊंनी आपली गाडी कंपाउंडच्या भिंतीपासून चार हात पलीकडे नेऊन लावली. नर्मदाकाकूंनी खिरीची वाटी गेटवरूनच दिली आणि प्रेमानं म्हणाल्या, लेकराला इकडं द्या थोडा वेळ. थोडा वेळ म्हणजे पंधरा दिवस असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. दीपिका ताठ मानेनं वाटी घेऊन आत आली आणि खांबाला टेकून रडली.

नवरा-बायको कार्यालयात गेले. काचेपलीकडचे गृहस्थ दीपिकाला ओळखून होते. त्यांनी आदिनाथला बाहेर थांबायला सांगितलं. तक्रार मागं घ्यायची तर घ्या, बाई, ते हळू आवाजात म्हणाले, पण मालकाचा दबाव नाही असं लिहून द्या. आणि घाबरू नका. दीपिकानं सांगितलं, की मालक फार साधा माणूस आहे. सगळ्या असंच म्हणतात, गृहस्थ म्हणाले. एवढं होऊनही नोटीस काही रद्द झाली नाही, कारण तक्रार मागं घेतली म्हणून इमारत सुरक्षित होत नाही. हे वाक्य मात्र दीपिकाला मनातून पटलं.

शंभुराज आला तो नोटिशीच्या नवव्या दिवशी, परभणीहून मोटारसायकलवर. आदिनाथच्या मित्राचा चुलत भाऊ. घरांचे नकाशे काढणारा, कॉलमच्या जाडीचा हिशोब करून देणारा इंजिनिअर. वय सव्वीस-सत्तावीस. त्यानं एक छोटी हातोडी काढून रेघेवर टकटक केली, पोकळ आवाज आला, आणि त्यानं रेघेत चाकूचं टोक घालून प्लास्टरची खपली पाडली. आत वायरीचा पाइप.

"हे पाइपावरचं प्लास्टर सुटलंय, वहिनी. स्लॅबचा काही संबंध नाही," तो म्हणाला.

मग तो गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. त्यानं पाचरींकडे पाहिलं, आणि ईश्वरीचा आंघोळीचा स्पंज मागितला.

स्पंजाच्या बाजूवर त्यानं पेनानं उभ्या रेघा मारल्या, दोन कपांवर तो आडवा ठेवला आणि मध्ये बोटानं दाबला. खालच्या बाजूला रेघा फाकल्या, वरच्या बाजूला जवळ आल्या. बीम असाच वाकतो, तो म्हणाला, खालून ताणला जातो. सिमेंटला दाब चालतो, ताण चालत नाही, म्हणून मध्ये लोखंड खालच्या बाजूला टाकायचं. वजन बीमवर येतं, बीम ते दोन्हीकडच्या कॉलमला वाटून देतो, कॉलम जमिनीला. मध्ये कुणी लागत नाही. मग त्यानं दुसऱ्या हाताचं बोट स्पंजाखाली मधोमध लावून वर रेटलं. आता वरच्या रेघा फाकल्या.

"हा तुमचा खांब. इथं ताण वर आला, आणि वर लोखंड नावापुरतं. गच्चीवर खांबाच्या बरोबर वर आडवी चीर पडलीय. लहान आहे, भरता येईल. पण ह्या घराला खरी चीर म्हणाल तर ती एवढीच, आणि ती ह्यानं पाडलीय. पाचरी आज काढा."

आदिनाथ पहिल्यांदाच काही असेल म्हणाला नाही.

दीपिका खाली बसली. तिला टेम्पोतून उतरणारे दादा दिसले, मांडीवरचा दगड दिसला, घाम पुसून 'घेतलं' म्हणाले तो आवाज ऐकू आला. तीन वर्षं पत्र्याखाली सांभाळलेली वस्तू माणसानं लेकीच्या छतासाठी आणावी, आणि नेमकी तीच छताला बाधावी. हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सांगायचं नाही तर खांब परत कसा पाठवायचा?

"वर टेकू दिला नाही, नुसता उभा ठेवला, तर?" तिनं विचारलं.

शंभुराजनं विचार केला. चालेल, म्हणाला. पण मग तो खाली पक्का धरावा लागेल, झेंड्याच्या काठीसारखा; बूड घट्ट, वर मोकळा. दगडाभोवतीची फरशी फोडून तो आहे तिथंच सिमेंटमध्ये जखडू, खांबाला चारी बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारू. लेकरानं धरला तरी हलणार नाही.

"पण वहिनी, मग तो कशासाठी?"

"पाठ टेकायला," बीएस्सी झालेली बाई म्हणाली.

शंभुराजनं नोटिशीच्या पाकिटामागं एक आकृती काढली. बीम, दोन कॉलम, खाली जाणारे बाण, वर येणारे बाण. मध्ये खांब, आणि त्याच्या शेजारी ठळक अक्षरात: ० किलो. पुन्हा कुणी ठोकायला निघालं तर हे दाखवा, म्हणाला. दीपिकानं ते फ्रीजवर चुंबकानं लावलं. दाखल्यात त्यानं लिहिलं, की सदर लाकडी खांब शोभेचा असून त्यावर इमारतीचा कोणताही भार नाही. कार्यालयानं तो मान्य केला, नोटीस रद्द झाली, रामप्रसादभाऊंची गाडी भिंतीशी परत आली. सगळं सुरळीत झालं. फक्त 'शोभेचा' हा शब्द दीपिकाला काट्यासारखा बोचत राहिला. ज्यानं हातभर ओली माती डोक्यावर घेऊन पावसाळे काढले, तो शोभेचा.

पाचरी तिनं त्याच दिवशी स्वतः काढल्या होत्या आणि धुण्याच्या पावडरच्या डब्यामागं लपवल्या होत्या. पुढच्या चार दिवसांत दगड सिमेंटमध्ये पक्का झाला, खांबाला पट्ट्या लागल्या, गच्चीवरची चीर भरली. वरच्या बोटभर फटीवर तिनं मण्यांचं तोरण गोल बांधलं. आदिनाथ म्हणाला, कळणार नाही त्यांना. या वेळी 'असेल' लावलं नाही, म्हणून तिला जास्तच भीती वाटली.

दिवाळी झाल्यावर दत्तराव कापूस घेऊन सेलूच्या मार्केटला आले, आणि तिथून घोंगडी खांद्यावर टाकून लेकीकडे. दीपिकानं पाणी दिलं, चहा दिला, चिवडा दिला, ईश्वरीचं वजन आठ किलो चारशे भरलं हे सांगितलं, सुमनबाईंनी काय म्हटलं ते सांगितलं. ती इतकं बोलत होती की दत्तरावांना खांबाकडे बघायला सवड मिळू नये. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला. मग उठले आणि सवयीनं खांबावर तळहाताची थाप मारली.

खांब ठणठण बोलला.

दत्तरावांनी वर तोरणाकडे पाहिलं. स्टूल ओढलं, वर चढले, तोरण बोटानं बाजूला केलं. मग खांद्यावरच्या घोंगडीतला लोकरीचा एक लांब धागा ओढून काढला, ठोकळा आणि बीम यांच्या मध्ये घातला आणि दोन्ही टोकं धरून या बाजूनं त्या बाजूला ओढत नेला. धागा कुठंही अडकला नाही.

ते खाली उतरले. दीपिकानं दहा दिवस पाठ केलेलं सगळं, स्पंज, ताण, दाब, लोखंड, एका दमात सांगायचं ठरवलं होतं. पण आधी दत्तरावच बोलले.

"म्हंजे वरचं आपलं आपण उभं हाय?" दत्तरावांनी विचारलं.

"हो, दादा."

"पक्कं?"

"पक्कं. इंजिनिअरनं लिहून दिलंय."

दत्तराव काही वेळ धागा बोटाला गुंडाळत राहिले. मग सतरंजीवर बसले, मागं सरकले आणि खांबाला पाठ टेकली.

"मंग बरं हाय की," ते म्हणाले. "लय उचललं त्यानं, बाई. आता ऱ्हाऊ दे नुसतं उभं."

दीपिका परत चहा टाकायला वळली. तेवढ्यात ईश्वरी सतरंजीवरून रांगत आजोबांपर्यंत आली. धोतराचा सोगा धरून गुडघ्यावर झाली. सोगा सुटला, तेव्हा तिनं खांब धरला. एक हात पट्टीवर, दुसरा वर, अगदी खालच्या खाचेच्या जरा खाली. ती दीपिकाच्या पहिल्या दिवाळीची खाच. आणि थरथरत, दोन्ही पायांवर, उभी राहिली.

कुणी हललं नाही. दत्तरावांनी पाठसुद्धा हलवली नाही. लेकराचा आधार हलेल म्हणून.

खरं तर तिचं बहुतेक वजन तिच्याच पायांवर होतं, एवढं बीएस्सीला कळत होतं, आणि शंभुराजनं तर हे मुळीच मान्य केलं नसतं. तरी दीपिका फ्रीजपाशी गेली, पाकिटावरचं शून्य खोडलं आणि सुवाच्य अक्षरात शेजारी लिहिलं: ८ किलो ४०० ग्रॅम. मग खाली तारीख टाकली.